तीन पोटमाळे आणि एक कॅसेट

१

कपाट उघडलं तेव्हा कॅसेटची डबी जागेवर होती, म्हणून मी निर्धास्तपणे ती उचलून मावशींच्या हातात दिली. मावशींनी ती उघडली. आत कॅसेट नव्हती.

मी एका छोट्या सभागृहाचा व्यवस्थापक आहे. खुर्च्या मोडतात, पंखे कुरकुरतात, कलाकार रुसतात, आणि या सगळ्यामुळे माझा आवाज कायमचा चढलेला असतो. पण त्या दुपारी मी आवाज न चढवता कपाटाचा कप्पा न् कप्पा उपसला. मावशींचा एक कान केव्हाच गेला होता आणि दुसरा जायच्या वाटेवर होता. जे ऐकायचं ते आता ऐकून घ्या, असं डॉक्टरांनी त्यांना सरळच सांगितलं होतं. त्यांना एकच गोष्ट ऐकायची होती, ती म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचा आवाज. तो फक्त त्या एका कॅसेटमध्ये उरला होता.

आता थोडं मागचं सांगतो. आमच्या गावात 'पोटमाळा' नावाचे तीन गट आहेत. पहिला मावशींचा, त्यांच्या तरुणपणातला. थोरली बहीण गायची, मावशी अकॉर्डियन वाजवायच्या आणि थोरलीचे यजमान गिटार वाजवायचे. त्यांना आता सगळे काका म्हणतात. थोरली ऐन तिशीत तापाने गेली आणि तो गट संपला. दुसरा 'पोटमाळा' झिपऱ्याचा. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाच आठवत असेल. चार पोरं मिळून असा काही दणदणाट करतात की माझ्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. तिसरा 'पोटमाळा' संगीताच्या बाईंचा, सगळा चिल्ल्यापिल्ल्या गायकांचा.

कुणी कुणाचं नाव चोरलेलं नाही. गाणाऱ्या माणसाला घरचे लोक खोलीत टिकू देत नाहीत, वर पिटाळतात. तिन्ही गट पोटमाळ्यावर जन्मले आणि तिघांनाही दुसरं नाव शोधायचा कंटाळा आला, एवढंच. त्याचा भुर्दंड मात्र मला. झिपऱ्याच्या कार्यक्रमाला आजोबा मंडळी नातवंडं घेऊन यायची आणि कानात बोटं घालून बसायची. बाईंच्या पोरांसमोर चामडी जाकीटवाले दांडगे पहिल्या रांगेत येऊन बसायचे. मग तक्रारी माझ्याकडे. शेवटी मी ठरवलं, तिघांचा एकच कार्यक्रम करू, शेवटी एक गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायचं, आणि कोण कोणता ते लोकांना एकदाचं कळू दे.

त्यासाठी जुनी कपाटं उपसताना ती कॅसेट सापडली. माझ्या आधीच्या व्यवस्थापकाला कुणीतरी कार्यक्रम मागायला दिलेली असणार, आणि त्याने ती न ऐकताच कपाटात टाकून दिलेली. डबीवर थोरलीच्या हातची अक्षरं होती, गटाचं नाव आणि साल. माझ्या ऑफिसातलं यंत्र टेप खातं, म्हणून मीही ती लावली नव्हती. म्हटलं, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तालमीला चांगलं यंत्र आणू आणि मावशींना सगळ्यांत आधी ऐकवू.

कपाटाची किल्ली माझ्या टेबलामागे खिळ्यावर असते. कॅसेट सापडली तेव्हा बैठकीला तिन्ही गटांची माणसं माझ्या ऑफिसात आली होती, मी सगळ्यांसमोर ती कपाटात ठेवली होती, आणि त्यानंतर तिकडे दुसरं कुणी फिरकलं नव्हतं. म्हणजे नेणारा आमच्यातलाच होता.

"तालीम संपेपर्यंत कुणीही घरी जायचं नाही," मागून आवाज आला.

मी कपाळाला हात लावला. सासूबाई आल्या होत्या.

२

माझ्या सासूबाई न्यायाधीश होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतलं. आमच्या घराला पोटमाळा नाही, हे आमचं दुर्दैव. तासभर सूर जुळवतात आणि पाच मिनिटं वाजवतात. सूर जुळवणं त्यांना उत्तम येतं, पुढचं काही येत नाही. पण माणसांची जबानी घ्यायला बसल्या की त्यांच्यासारखं वाजवणारं कुणी मी पाहिलेलं नाही.

माझ्या खुर्चीवर त्या बसल्या. मला त्यांनी स्टुलावर बसवलं.

"जावईबापू, मध्ये बोलायचं नाही."

पहिला झिपऱ्या आला, गिटार गळ्यातच.

"मी नाही घेतली," तो उंबऱ्यातूनच म्हणाला.

"मी अजून काही विचारलंच नाही."

"विचारणारच की. आमचं पहिलं रेकॉर्डिंग बाजारात येतंय. कंपनी म्हणते, नाव तुमचंच आहे ना ते दाखवा. आणि या जुन्या मंडळींकडे नाव आहे, साल आहे. माझ्या जागी मी असतो तरी माझ्यावरच संशय घेतला असता." तो गोंधळून थांबला. "मी फार वाईट दिसतोय का?"

"दिसतोस, पण ते केसांमुळे." सासूबाईंनी त्याच्या गिटारची एक तार छेडली. "हिचा सूर एवढा खाली का उतरवलास?"

"गळा वर पोचत नाही. सगळ्या तारा ढिल्या केल्या की मला गाता येतं. कुणाला सांगू नका."

मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, "आजी, म्हातारी माणसं आम्हाला निरोप पाठवतात. ते जुनं गाणं पुन्हा म्हणा, आमच्या लग्नाआधी ऐकलं होतं, असं. त्यांना वाटतं आम्हीच ते. मी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. ती कॅसेट मलाही ऐकायची होती हो."

त्याचे डोळे खरं बोलत होते, असं मला वाटलं. सासूबाईंना काय वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर कधीच दिसत नाही.

नंतर संगीताच्या बाई आल्या आणि बसायच्या आधीच फुटल्या.

"लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. माझ्या मुलांच्या गाण्याची पहिली ओळ त्या ताईंच्या गाण्यासारखी आहे म्हणतात. माझी आई स्वयंपाक करताना ते गुणगुणायची. तिने कुठे ऐकलं, मला काय माहीत? आणि कॅसेट लपवून मला काय मिळणार? मावशी ते रोज अकॉर्डियनवर वाजवतात. अख्खी गल्ली ऐकते."

"खरं आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण बैठक संपल्यावर सगळे बाहेर चहा पीत होते तेव्हा तुम्ही या खोलीत पुन्हा आलात. आमच्या जावईबापूंनी पाहिलं."

मी खरंच पाहिलं होतं, आणि बाई पिशवी छातीशी धरून घाईने निघाल्या होत्या. बाईंचा चेहरा उतरला.

"आले होते," त्या म्हणाल्या. "एकटीच आले होते. आणि एक लबाडी केली."

३

लबाडी अशी होती की, फळ्यावर मी लावलेला कार्यक्रमाचा क्रम बाईंनी बदलला होता. झिपऱ्याला उचलून शेवटी टाकलं आणि आपल्या पोरांना सुरुवातीला. "माझी पिल्लं आठच्या पुढे जागी राहत नाहीत हो! मागच्या वेळी एक तर उभ्या उभ्या झोपला." सासूबाई पहिल्यांदा हसल्या आणि तो क्रम त्यांनी परस्पर कायम करून टाकला. मला कुणी विचारलं नाही.

तिसरे काका. अंगात इस्त्रीचा सदरा, केस पाण्याने बसवलेले, गिटारचं खोकं मांडीवर लहान मुलासारखं धरलेलं. त्यांना बघून मला उगाचच अपराध्यासारखं वाटलं. बैठकीच्या दिवशीही ते गप्पच होते. मावशी बहिणीच्या आठवणी सांगत सुटल्या होत्या. "माझी ताई म्हणजे देवमाणूस. जन्मात मला एका शब्दाने बोलली नाही," असं त्या म्हणाल्या तेव्हा काका चहा ढवळायला लागले. ढवळत राहिले, ढवळत राहिले. साखर त्यांनी घातलीच नव्हती.

"गिटार अजून वाजवता?" सासूबाईंनी विचारलं.

"छे. ही गेली तेव्हापासून हात लावलेला नाही. धाकटीने गळ घातली, एक गाणं तरी वाजवा म्हणाली. म्हणून काल खोक्यातून काढली."

"बघू?"

काकांनी नाइलाजाने खोकं उघडलं. सासूबाईंनी पर्समधून सूर दाखवणारं ते छोटं यंत्र काढलं, गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखं लावलं आणि एकेक तार छेडली. वाजवता येत नसलेल्या माणसाचा हात, पण कान अगदी टवकारलेला.

"सुरेख जुळलीय. फक्त सगळीच जरा चढी आहे. उतरवू का? मावशींच्या अकॉर्डियनशी जुळेल."

"नको!" काका इतक्या झटकन म्हणाले की मी दचकलो. मग सावरून म्हणाले, "तारा जुन्या आहेत. वरखाली केलं की तुटतात. राहू दे अशीच."

गिटार परत देताना सासूबाईंनी त्यांचा डावा हात क्षणभर हातात धरला, थोरली बहीण धाकट्या भावाचा धरते तसा. काका जायला उठले. दारात थांबून त्यांनी विचारलं, "धाकटी फार रडली का हो?"

"रडल्या नाहीत," मी म्हणालो. "डबी पर्समध्ये ठेवली आणि तालमीला जाऊन बसल्या."

काकांनी खोक्याची कडी पुन्हा एकदा दाबली आणि ते निघून गेले.

तालमीचं काय सांगू! तिन्ही पोटमाळे एका मंचावर आले आणि एकत्र गाणं सुरू झालं. बाईंची पोरं आणि मावशींची अकॉर्डियन एका सुरात होती. झिपऱ्या त्यांच्या खाली कुठेतरी गडगडत होता, आणि काकांची गिटार सगळ्यांच्या वर एकटीच चालली होती. एक पोरगं कान झाकून खाली बसलं. मावशी मात्र ऐकू येईल तेवढं ऐकत हसत वाजवत होत्या, आणि अधूनमधून त्यांचा हात पर्सकडे जात होता. मला बघवेना.

सासूबाई पहिल्या रांगेत डोळे मिटून बसल्या होत्या. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "कॅसेट कुणाकडे आहे ते कळलं. का नेली तेही कळलंय असं वाटतं. आणि तसं असेल तर फार वाईट आहे."

४

घरी आल्यावर मी चहा केला. सासूबाई समोर असल्या की चहा मीच करतो.

"तुमचा पहिला संशय कुणावर होता?" त्यांनी विचारलं.

"झिपऱ्यावर. नावासाठी."

"नाव कशावर लिहिलं होतं?"

"डबीवर."

"आणि डबी कुठे आहे?"

मी कप खाली ठेवला. डबी तर चोराने जागच्या जागी सोडली होती. ज्याला नावाचा पुरावा नाहीसा करायचा, तो डबी आधी उचलेल. मागे ठेवायचीच तर कॅसेट ठेवेल.

"बाईंचं त्यांनी स्वतःच सांगितलं," सासूबाई पुढे म्हणाल्या. "चाल लपवून उपयोग नाही, ती अख्ख्या गल्लीला पाठ आहे. म्हणजे नावासाठी नेली नाही, गाण्यासाठीही नेली नाही. मग त्या कॅसेटमध्ये आणखी काय असेल? पोटमाळ्यावर बसून घरगुती केलेलं रेकॉर्डिंग. गाणं संपल्यावर लगेच बटण बंद करायला कुणी धावत नाही."

"बोलणं!"

"बोलणं. आणि ते काय आहे हे न ऐकता कुणाला ठाऊक असेल? जो तेव्हा तिथे होता त्याला. मावशींना ते ठाऊक असतं तर त्यांनी ती इतक्या आनंदाने ऐकायला मागितली नसती. राहिले काका."

"पण हा तर्क झाला," मी म्हणालो. "पुरावा काय?"

सासूबाईंनी व्हायोलिन उचललं. मला वाटलं आता वाजवणार, पण त्यांनी फक्त एक तार दाखवली. "आठवडाभर हात लावला नाही तर ही कुठे जाते?"

"उतरते. रोज सकाळी तुम्ही चढवत बसता ते ऐकतोच की."

"तारवाद्य नुसतं पडून राहिलं की उतरतं. आपणहून कधी चढत नाही. काकांची गिटार इतकी वर्षं खोक्यात होती म्हणे, आणि निघाली ती चढी. बरं, घाईत जुळवली असती तर एखादी तार चुकली असती. सहाही तारा सारख्याच चढ्या होत्या. त्याला चूक म्हणत नाहीत. त्यांनी ती कशाशी तरी जुळवली आहे. अकॉर्डियनशी नाही, मुलांशी नाही, झिपऱ्याशी तर नाहीच. मग असं काय आहे की ज्यात हीच गाणी आहेत, पण सूर थोडा वर आहे?"

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. माझ्या वडिलांचा जुना कॅसेट प्लेअर असाच होता. मोटर जरा जोरात पळायची आणि सगळे गायक तरुण वाटायचे.

"यंत्र पळतं," मी म्हणालो.

"यंत्र पळतं. चोरलेली वस्तू माणूस लपवतो, मालकासमोर सराईतासारखं खोटंही बोलतो. पण वाजवणारा माणूस ज्याच्या जोडीने वाजवतो, त्याच्या सुराला वाद्य लावतो, आणि ते परत उतरवायचं त्याच्या जिवावर येतं. त्यांच्या बोटांची टोकं पाहिलीत का? तारांचे ताजे वण आहेत. कॅसेट नेल्यापासून ते रोज बायकोबरोबर वाजवताहेत."

मला खरं तर चोर सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी कप विसळायला उठलो.

"मग वाईट काय आहे त्यात?"

"वाईट हे की, ते ऐकायला घेऊन गेलेले नाहीत. ऐकायला हवी होती तर सरळ मागितली असती, कोण नाही म्हणणार होतं? डबी ठेवली, म्हणजे परत आणून ठेवायचा विचार होता. पण आणताना ती होती तशी आणायची नव्हती." त्या उठल्या. "सकाळी लवकर निघू. अजून पुसलं नसेल अशी आशा करू या."

५

काकांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तोच आवाज आला. बाईचा मोकळा, भरलेला आवाज, किंचित पळणारा, आणि त्याच्यामागे अगदी सुरात लागलेली गिटार. मी काही गाण्यातला माणूस नाही. पण जिन्यात उभ्या उभ्या मला कळलं की मावशींना हे एकदा तरी ऐकायला का हवं होतं.

दार उघडंच होतं. आम्हाला बघून काकांनी गिटार बाजूला ठेवली आणि बटण दाबून यंत्र थांबवलं.

"बसा," ते म्हणाले. "मी आज देणारच होतो. म्हणजे, तसं रोजच ठरवतो."

"पुसलं का?" सासूबाईंनी विचारलं.

काकांनी नकारार्थी मान हलवली. "चार-पाच वाक्यं आहेत फक्त. गाणं संपल्यावर धाकटी पाणी आणायला खाली गेली आणि ही माझ्याजवळ तिच्यावर चिडून बोलली. ते शब्द मी विसरलो नव्हतो. बैठकीत धाकटी म्हणाली, ताई जन्मात एका शब्दाने बोलली नाही, तेव्हा मी नुसता चहाच ढवळत बसलो. तिचा कान चाललाय. त्याच्यात शेवटचं हे जाऊ द्यायचं? म्हटलं नेऊ, तेवढ्यावर नुसती शांतता रेकॉर्ड करू, गुपचूप परत ठेवू." त्यांनी यंत्रावरच्या लाल बटणाकडे बोट केलं. "रोज यावर बोट ठेवतो. पण तो हिचा आवाज आहे हो. चिडलेला असला तरी हिचाच आहे. माझ्याच्याने दाबवत नाही. मग गाणं पुन्हा लावतो आणि वाजवत बसतो."

"हा निकाल तुम्ही द्यायचा नाही," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तो त्यांचा आहे. जावईबापू, त्यांना वर घेऊन या."

मावशींना सासूबाईंनी आधीच बोलावून खाली बाकावर बसवून ठेवलं होतं, मला न सांगता. मी धावत गेलो. वर येईपर्यंत मावशींना धाप लागली होती. त्यांनी काकांकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, आणि एकही प्रश्न न विचारता खुर्ची ओढून चांगला कान यंत्राला जवळजवळ चिकटवला.

"लावा भाऊजी."

"धाकटे, त्यात शेवटी..."

"मोठ्याने बोला!"

"शेवटी ताई तुला बोललीय! वाईट बोललीय!"

मावशींनी यंत्राकडे बोट केलं. "लावा म्हटलं ना."

गाणं झालं. मावशी डोळे मिटून होत्या, बोटं मांडीवर अकॉर्डियन वाजवत होती. गाणं संपलं. दार आपटल्याचा आवाज, पायऱ्या उतरणारी पावलं, आणि मग तोच गळा, पण आता गाण्यातला नाही, घरातला: "गेली का ती? अहो, काय करू मी या गाढवाचं? परत पुढे पळाली! सांगून सांगून तोंड दुखलं माझं. कान आहेत की नुसती भोकं?"

काकांनी तोंड हाताने झाकून घेतलं. मी जमिनीकडे बघत राहिलो.

"परत लावा," मावशी म्हणाल्या. "तेवढंच."

काकांनी टेप मागे घेतली. गाढव, तोंड दुखलं, कान की भोकं. मावशींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं.

"गाढव! गाढवच म्हणायची ती मला! रोज म्हणायची! मी विसरलेच होते हो भाऊजी. ती गेली, आपण तिचा फोटो लावला, आणि मी त्या फोटोवरच माया करत बसले इतकी वर्षं. ती फोटोतली बाई कधी चिडत नाही, कधी ओरडत नाही. तिच्याशी बोलायचं तरी काय? ही आहे माझी ताई!" त्यांनी यंत्रावर थाप मारली. "लावा, लावा परत."

तिसऱ्यांदा लागलं आणि 'परत पुढे पळाली' हे शब्द आले मात्र, मावशी खुर्चीतून उठल्या.

"मी नाही पुढे पळाले! तूच लयीत रेंगाळलीस मागे! श्वास घेतलास ना मध्येच, पहिल्या कडव्यानंतर? मी काय तुझ्यासाठी थांबून राहू? भाऊजी, सांगा तिला, तुम्ही होतात तिथे!"

"अगं, मी काय सांगू?" काका रडत हसत म्हणाले. "तेव्हाही तुम्हा दोघींच्या मध्ये मी कधी पडलो नाही."

"भित्रे आहात तुम्ही! मागे घ्या ते. पहिलं कडवं लावा. ऐका नीट, कोण पळतंय ते ऐका."

सासूबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि आम्ही दोघं बाहेर पडलो. संध्याकाळच्या कार्यक्रमाचं काय, हे मला विचारायचं होतं, पण राहून गेलं. खाली रस्त्यावर पोचलो तरी वरून दोघी बहिणींचं भांडण स्पष्ट ऐकू येत होतं.